कोलोनोस्कोपीत कळ का येते, ती कमी कशी करायची

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासणं. त्यात दुखतं ते नळी टोचून नव्हे. डावीकडच्या नागमोडी आतड्यात नळीचा वेढा पडतो, आतड्याला धरणारा पडदा ताणला जातो आणि कळ येते. अशा वेळी पुढे रेटणं चूकच. नळी थोडी मागे ओढत उजवीकडे पिळा, वेढा सुटतो. तरी अडली तर सहाय्यकाने बेंबीखाली डावीकडे तळहाताने दाबावं, नाहीतर रुग्णाला डाव्या कुशीवरून उताणं करावं.

आतडं फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड बरा; तो लवकर शोषला जातो, नंतर पोट तडतडत नाही. नसेल तर आत जाताना हवा बंद ठेवून कोमट पाणी सोडा. परतताना उरलेली हवा ओढून घ्या. रुग्ण जागा असेल तर आधीच सांगा: वारा सरला तर दाबू नका, लाजायचं कारण नाही.