फॅन बेल्ट घरी बदलताना आधी मोबाईल काढा, पाना नंतर

सकाळी गाडी चालू केली की बोनेटमधून चींऽऽ असा आवाज येतो, एसी लावला की अजून वाढतो, तर बहुतेक बेल्ट गेलाय. आपल्याकडे अजून सगळे फॅन बेल्टच म्हणतात, खरंतर आता फॅन बहुतेक गाड्यांत विजेवर चालतो आणि हा बेल्ट फिरवतो अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप. म्हणजे तुटला तर बॅटरीचा दिवा लागणार, आणि वॉटर पंप त्याच्यावर असेल तर इंजिन तापणार. टायमिंग बेल्ट वेगळा, तो कव्हरच्या आत असतो, त्याच्या नादी घरी लागू नका.

इंजिन पूर्ण गार, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. मग बेल्ट कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्या खालून गेलाय त्याचे दोन-तीन फोटो काढा. मी पहिल्यांदा फोटो न काढता "लक्षात राहील की" म्हणून बेल्ट ओढून काढला आणि नंतर अर्धा तास नवीन बेल्ट हातात धरून इंजिनकडे बघत बसलो होतो. काही गाड्यांत बोनेटखाली स्टिकरवर चित्र असतं, पण सगळ्यांत नसतं.

नवीन बेल्ट आणताना जुन्याच्या पाठीवरचा नंबर बघा, ६पीके१२०० म्हणजे बेल्टवर लांबीच्या दिशेने ६ धारा आणि लांबी १२०० मिमी. अंदाजे "तेवढाच दिसतोय" चालत नाही.

वरून हात जात नसेल तर त्या बाजूचं पुढचं चाक काढा, पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावाच. ऑटो टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारी पुली) असेल तर त्याला लांब दांड्याचा पाना लावून बेल्ट सैल पडेल त्या बाजूला दाबायचं आणि बेल्ट एका पुलीवरून सरकवायचा, झालं. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि ॲडजस्टिंगचा बोल्ट ढिला करून अल्टरनेटर आत ढकलावा लागतो. आणि काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, स्ट्रेच बेल्ट (स्वतःच ताणून बसणारा) असतो, तो स्क्रूड्रायव्हरने चढवायला गेलात तर नवा बेल्टच फाटेल, ते काम मेकॅनिककडे द्या.

बेल्ट निघालाय तर सगळ्या पुल्या हाताने फिरवून बघा, खरखर लागली किंवा हलली तर बेअरिंग गेलंय, नुसता बेल्ट बदलून आवाज जाणार नाही. तेल किंवा कूलंट सांडलेलं असेल तर आधी गळती बघा, नाहीतर नवा बेल्टही खराब होईल.

चढवताना फोटो बघत सगळ्या पुल्यांवरून घ्या, जी सोपी पडेल ती शेवटी. मग प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा, एक जरी धार खाचेबाहेर राहिली तर बेल्टची वाट लागते. हाताने ताण द्यायचा असेल तर सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबून साधारण १० मिमी दबला पाहिजे, फार कडक केलात तर अल्टरनेटरचं बेअरिंग खाईल.

निगेटिव्ह वायर लावा, स्टार्ट करा, एसी आणि हेडलाईट लावून ऐका. अजून चीं करतोय? चालू इंजिनपासून हात लांब ठेवून धारांच्या बाजूवर स्प्रेने थोडं पाणी मारा. आवाज थांबून परत आला तर पुल्या सरळ रेषेत नाहीत, उलट वाढला तर ताण कमी आहे.