कंपनीचा मेडिक्लेम आणि स्वतःची आरोग्य पॉलिसी: निवड कशी करावी

माझे दाजी चाकणच्या एका कारखान्यातून 31 मार्चला निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, आणि त्याच रात्री बारा वाजता त्यांचा कंपनीचा मेडिक्लेमही संपला. एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःची पॉलिसी काढली. जुलैत पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन करावं लागलं. नव्या पॉलिसीत या आजाराला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड होता, म्हणजे तेवढा काळ त्याचा खर्च मिळणार नव्हता. सगळं बिल ताईनं एफडी मोडून भरलं. एकवीस वर्षं दोघं निर्धास्त होते की आपल्याला विमा आहे. तो नोकरीबरोबर आला होता आणि नोकरीबरोबरच गेला.

त्यामुळे ‘कंपनीचा घेऊ की स्वतःचा?’ असं कुणी विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असतं. कंपनीचा मेडिक्लेम सोडू नका, आणि नोकरी चालू असताना, तब्येत धड असतानाच स्वतःचीही पॉलिसी काढा. स्वतःच्या पॉलिसीचा वेटिंग पिरियड कंपनीच्या छत्राखाली निघून जातो. आता कुठल्या पॉलिसीवर किती भार टाकायचा, ते पुढच्या क्रमानं ठरवा.

पहिलं काम: कंपनीची पॉलिसी खरोखर वाचा

मोबाईलमधलं ई-कार्ड म्हणजे पॉलिसी नाही. एचआरला मेल करून नियमांची पूर्ण प्रत मागा आणि एवढं शोधा: विम्याची रक्कम किती आणि ती माणशी आहे की सगळ्या कुटुंबात मिळून? आई-वडील आहेत का? आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का? को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा टक्का, किती? आणि रूम रेंटची मर्यादा काय?

रूम रेंटपाशी थोडं थांबूया, कारण सर्वात जास्त माणसं फसतात ती इथेच. समजा, विमा 3 लाखांचा आहे आणि खोलीभाड्याला रकमेच्या 1 टक्क्याची मर्यादा आहे, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. तुम्ही 6,000 ची खोली घेतली, चार दिवस राहिलात. तुमचा हिशोब असा, की वरचे 12,000 आपण भरू. पण डिस्चार्जच्या काउंटरवर कागद वेगळाच येतो. खोली हक्काच्या दुप्पट दराची, म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचं 1,20,000 चं बिलही निम्मंच मंजूर होतं. औषधं आणि तपासण्यांचे 60,000 मात्र पूर्ण मिळतात, त्यांवर ही कात्री चालत नाही. एकूण बिल 2,04,000, मंजूर 1,32,000, आणि खिशातून 72,000. भरती होताना कुणी एक वाक्य सांगितलं असतं, तर माणसानं साधी खोली घेतली असती. म्हणून ही मर्यादा आजच पाहून ठेवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.

दुसरं: कंपनीकडून जे मिळतं आणि बाहेर मिळत नाही, ते आधी पदरात पाडा

यात सगळ्यात मोलाचं म्हणजे आई-वडिलांचं कव्हर. सत्तरीतल्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळ्या आजारांसह संरक्षण बाहेर सहसा मिळत नाही, मिळालं तरी प्रीमियम डोळे पांढरे करतो. कंपनी पगारातून पैसे कापून आई-वडिलांना घेत असेल, तर घ्याच. बाळंतपणाचंही तसंच आहे. बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत त्याला थांबावं लागत नाही, स्वतःच्या पॉलिसीत मात्र बहुधा मोठी प्रतीक्षा असते. घरच्यांची नावं सहसा वर्षातून एकदाच, ठरावीक मुदतीत घालता येतात. लग्न झालं किंवा बाळ झालं, तर मात्र लगेच एचआरला कळवा.

तिसरं: स्वतःची पॉलिसी बेतणं

फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबात मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत, नवरा, बायको आणि मुलं एवढीच घाला. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सर्वात मोठ्या माणसाच्या वयावर बेततात, त्यामुळे अडुसष्ट वर्षांचे वडील त्यात आले की सगळ्यांचाच हप्ता फुगतो. त्यांची पॉलिसी वेगळी ठेवा. वयाचा अडसर आता पूर्वीसारखा नाही: एप्रिल 2024 पासून 65 वर्षांच्या वयाची अट काढून टाकली आहे. आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर विमा कंपन्यांना आयआरडीएआयशी, म्हणजे विमा नियामकाशी, आधी सल्लामसलत करावी लागते.

रक्कम किती? पुण्या-मुंबईत राहणाऱ्या चौघांच्या घरानं 10 लाखांच्या खाली जाऊ नये, असं माझं मत. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रूम रेंटला मर्यादा नसलेली आणि को-पे नसलेली पॉलिसी निवडा. मोतीबिंदू, गुडघे अशा ऑपरेशनांना वेगळी कमाल रक्कम लावलीय का, तेही पाहा. आणि रात्री दोन वाजता तुम्ही ज्या हॉस्पिटलात धावाल, ते कॅशलेसच्या, म्हणजे विमा कंपनी जिथे बिल थेट भरते त्या, यादीत आहे का? यादीत किती हजार हॉस्पिटलं आहेत याला फारसा अर्थ नाही.

बजेट आवळ असेल तर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च भरणारा जादा विमा, स्वस्त पडतो. 5 लाखांचं डिडक्टिबल (तो भरत नाही तो खालचा भाग) असलेला घेतलात, तर वर्षभरातल्या बिलांची बेरीज 5 लाखांच्या वर गेली की तो लागू होतो. साध्या टॉप-अपमध्ये बहुधा प्रत्येक भरतीचं बिल वेगळं मोजतात, म्हणून ‘सुपर’ हा शब्द बघूनच घ्या. मात्र खालचे 5 लाख कंपनीच्या मेडिक्लेमच्या भरवशावर सोडले असतील, तर नोकरी गेली की तेवढं भगदाड उघडं पडतं. म्हणून निदान 5 लाखांची मूळ पॉलिसी स्वतःची असावी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप चढवावा.

खर्चाच्या बाजूनं एक चांगली गोष्ट घडली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी निघाला. हप्त्यावरची आयकराची सवलत, जी 80डी म्हणून ओळखली जाते, (स्वतःच्या कुटुंबासाठी 25,000, आई-वडील ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांच्यासाठी आणखी 50,000 पर्यंत) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

चौथं: फॉर्म स्वतः भरा, आणि खरा भरा

‘शुगर लिहू नका साहेब, प्रीमियम वाढेल,’ असं सांगणारा भेटला तर तिथून उठा. क्लेमच्या वेळी तो शेजारी बसलेला नसतो, आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर ‘डायबेटिस, 9 वर्षे’ असं तुमच्याच तोंडून लिहिलं गेलेलं असतं. आजार, गोळ्या, जुनी ऑपरेशनं, सगळं लिहा. पॉलिसी सलग 60 महिने चालली, की त्यानंतर सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही.

पॉलिसी हातात आल्यावर तीन तारखा वहीत लिहा. सुरुवातीचे 30 दिवस (अपघात सोडून) काही मिळत नाही. हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू, खडे अशा ठरावीक आजारांना बहुधा 24 महिने थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त 36 महिने. पटली नाही तर पॉलिसी 30 दिवसांत परतही करता येते.

पाचवं: दोन्ही असताना क्लेम कसा करायचा

कुठल्या पॉलिसीवर आधी क्लेम करायचा ते तुम्ही ठरवता. शक्यतो कंपनीची आधी वापरा, म्हणजे स्वतःच्या पॉलिसीचा बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारा फायदा, शाबूत राहतो. बिल तिला पुरलं नाही, तर किती मंजूर झालं त्याचं पत्र आणि बिलांच्या शिक्का मारलेल्या प्रती घेऊन उरलेल्या रकमेचा क्लेम दुसरीकडे करा. भरती होतानाच दोन्हीकडे कळवून ठेवा, हे विसरू नका. कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीनं एका तासात, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. काउंटरवर ताटकळत ठेवलं, तर हा नियम सांगा.

आणि नोकरी सोडताना

दाजींना हे कुणीच सांगितलं नव्हतं. कंपनीचा मेडिक्लेम ज्या विमा कंपनीचा आहे, तिच्याचकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि कंपनीच्या ग्रुप (सामूहिक) पॉलिसीत काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये धरली जातात. अर्ज तपासून मग मंजुरी देतात, म्हणून उशीर नको. राजीनाम्याचा मेल पाठवलात किंवा निवृत्तीला दोन-तीन महिने उरले, की एचआरकडून विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि तुम्ही किती वर्षं सलग विमाधारक होतात याचं पत्र घ्या. शेवटच्या दिवसाआधी अर्ज आत गेला पाहिजे. अर्जाची पोचपावती मिळेपर्यंत आयकार्ड जमा करायची घाई करू नका.