एनएमएन स्वतःवर आजमावायचं असेल तर

एनएमएन (निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड) म्हणजे म्हातारपण लांबवण्याच्या आशेने घेतलं जाणारं पूरक. ते घ्यायचं असं तुम्ही ठरवलंच असेल, तर बाटली आणा आणि तीन महिने कपाटात बंद ठेवा. मी तसं केलं नव्हतं. आज चार वर्षांनी सगळ्यात जास्त चुटपुट त्याचीच लागते, कारण गोळीआधी मी कशी होते याचा माझ्याकडे एकच रिपोर्ट आहे.

या तीन महिन्यांत रक्त किमान दोनदा तपासा. काहीच न बदलताही आकडे खालीवर होतात, ते किती होतात हे आधी कळायला हवं. दर वेळी तीच लॅब, तीच वेळ, उपाशीपोटी. आदले काही दिवस दमवणारा व्यायाम नको. त्याने एसजीओटी वाढतं आणि यकृतात काही बिघडलंय असं उगाच वाटत राहतं. बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट त्यामुळे चुकू शकतो. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवतं, ते दर महिन्याला करण्यात अर्थ नाही. होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, ते वाढणं हृदयासाठी चांगलं मानत नाहीत) आणि बी१२ मात्र यादीत हवंच.

आयुष्य वाढतंय का, हे एका माणसाला स्वतःवर मोजता येत नाही, हे मनाशी पक्कं करा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २५ स्त्रिया होत्या. ज्यांना रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन १० आठवडे दिलं, त्यांचे स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली दाद देऊ लागले. वजन घटलं नाही. याच कुळातलं निकोटिनामाइड रायबोसाइड अमेरिकेत तीन ठिकाणी उंदरांना दिलं गेलं, तेव्हा त्यांचं आयुष्य वाढलं नाही. आपल्या हाती उरतं ते एवढंच: रोजच्या जगण्यात काही फरक पडतो का, आणि अपाय होतोय का.

पहिल्यासाठी ताईची मदत घेतली. सारख्या दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल आणल्या. तिने निम्म्यांत एनएमएन भरलं, निम्म्यांत नुसती सेल्युलोजची भुकटी. डब्यांवर ‘क’ आणि ‘ख’, आणि कशात काय ते बंद पाकिटात. सहा आठवडे एक डबा, सहा आठवडे दुसरा, मग पुन्हा तसंच. रोज सकाळी उठल्याउठल्या, फोनला हात लावण्याआधी, झोप आणि तरतरी यांना दहापैकी गुण वहीत. ‘ख’च्या दिवसांत मला इतकं हलकं वाटत होतं की पाकीट उघडायची गरजच वाटेना. उघडलं, तर ‘ख’ म्हणजे भुकटी. वहीतली सरासरी काढली तेव्हा दोन्हींत फरकच नव्हता. ते हलकेपण माझ्या आठवणीतच होतं. म्हणून गुण त्याच दिवशी लिहा, आठवड्याचे एकदम भरू नका.

अपायाचं उत्तर उशिरा आलं. एनएमएनमधून शरीरात निकोटिनामाइड तयार होतं, आणि जादा झालेलं बाहेर टाकताना शरीर मिथाइल गट (अणूंचे छोटे गट, इतर कामांनाही लागणारे) खर्च करतं, आणि ते कमी पडले तर होमोसिस्टीन चढू शकतं. माझं ९ होतं, तिसऱ्या वर्षी १६ झालं. बी१२ ठीक होतं. डॉक्टरांना बाटलीच नेऊन दाखवली, त्यांनी थांबायला सांगितलं. तीन महिन्यांनी १०. निम्म्या मात्रेवर पुन्हा सुरू केलं, तर १४. मग बंद केलं ते कायमचं. गोळी काढली, पुन्हा दिली आणि आकडा दोन्ही वेळा हलला, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला.

थांबायचा आकडा सुरुवातीलाच डॉक्टरांसोबत ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तीन वर्षं गोळी घेतल्यावर ती सोडवत नाही, मन सबबी शोधतं. त्या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. कर्करोग होऊन गेला असेल तर या वाटेला जाऊच नका. पेशींना ऊर्जा बनवायला जे एनएडी लागतं, ते कर्करोगाच्या पेशींनाही लागतंच, आणि एनएमएनपासून शरीर तेच बनवतं.

बाटली संपली तरी लेबल फेकू नका. बॅच नंबर वहीत चिकटवा, आणि त्या बॅचच्या पाच-सहा कॅप्सूल तारीख घालून बाजूला ठेवा. आकडा बिघडलाच, तर आत खरंच काय होतं ते तपासून घेता येईल.