एसीतून गळणारे पाणी: माझा अनुभव

मे महिन्यात वळवाच्या एका पावसानंतर राजारामपुरीतील आमच्या घरातला स्प्लिट एसी आतल्या बाजूने ठिबकू लागला आणि थंडावाही कमी झाला. दूरध्वनीवरच एका मेकॅनिकने गॅस भरावा लागेल असे सांगितले. परंतु गॅस वापराने संपत नाही, तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती असणार, हे ठाऊक असल्याने मी आधी स्वतः पाहणी करण्याचे ठरवले.

मुख्य स्विच बंद करून पुढचे झाकण उघडले, तेव्हा जाळीवर धुळीचा जाड थर दिसला आणि तिच्यामागील कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर, चक्क बर्फ जमलेला होता. जाळी तुंबली की कॉइलवरून पुरेशी हवा वाहत नाही, तिचे तापमान शून्याखाली जाते, हवेतील बाष्प तेथेच गोठते आणि ते वितळले की पाणी खाली येते. बर्फ कधीही खरवडू नये, कारण कॉइलच्या पातळ नळीला भोक पडू शकते. मी तो आपोआप वितळू दिला आणि जाळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवली.

तरीही ठिबकणे थांबेना. अखेर दोष निचऱ्याच्या नळीत सापडला. कुंड्यांना पाणी मिळावे म्हणून आम्ही तिचे टोक बादलीत सोडले होते. बादली भरून ते बुडाले होते आणि आत शेवाळही साचले होते. नळी धुऊन टोक पाण्याच्या वर बांधले, त्यानंतर भिंत कोरडी राहिली. आता दर १५ दिवसांनी मी जाळी धुतो आणि तापमान २४ अंशांवर ठेवतो.