रिपीटरचा संगणक पावसाळ्यात दगा देतो, कारण या चुका

कोकणात हौशी रेडिओचा रिपीटर (आलेला संदेश पुन्हा हवेत सोडणारं केंद्र) वर डोंगरावर आणि आपण खाली गावात. जून ते सप्टेंबर वरची पाऊलवाट शेवाळलेली असते. म्हणून तिथला छोटा संगणक बिघडलाच तर कसा बिघडावा, हे मे महिन्यातच ठरवायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पीटीटी (‘पुश टू टॉक’, म्हणजे ट्रान्समीटर चालू करणारा इशारा) नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवणं. पीटीटी चालू असताना रास्पबेरी पाय (आपला छोटा संगणक) गोठला, तर ट्रान्समीटर तसाच ओरडत राहतो, फ्रिक्वेन्सी अडते आणि फायनल (ट्रान्समीटरचा शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर) तापतो. प्रोग्रॅममधला ३ मिनिटांचा टाइमआउट तेव्हा काय करणार? तोच गोठलेला! पीटीटीच्या वायरवर वेगळा हार्डवेअर टायमर लावा. पायमधला वॉचडॉगही (संगणक जिवंत आहे का बघणारा टायमर) चालू करा, संगणकाचा ठोका थांबला की साधारण १५ सेकंदांत तो रीसेट मारतो. रीसेटनंतर पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत जीपीआयओ (बाहेरची उपकरणं जोडायच्या पिना) ० ते ८ पुल-अप, म्हणजे ‘हाय’कडे ओढलेल्या असतात, ९ ते २७ पुल-डाउन, म्हणजे ‘लो’कडे. पीटीटीचा ट्रान्झिस्टर ‘हाय’वर चालणारा असेल आणि पिन पहिल्या गटातली निवडली असेल, तर बूट होताना रिपीटर आपणहून बोलायला लागतो. आम्ही हे करून बसलो आहोत.

दुसरं दुखणं एसडी कार्डाचं. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टीम बिघडते. ओव्हरले (कार्डावर न लिहिता बदल रॅममध्येच ठेवायची सोय) चालू करा, लॉग रॅममध्ये ठेवा, तयार कार्डाची एक नक्कल घरी ठेवा. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-दापोली पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा बॅटरीचा हिशेब तासांत नको, दिवसांत करा. डब्याची भोकंही बुजवा. खारी हवा तर शिरतेच, आमच्याकडे पालीनेही संसार मांडला होता.

सुरक्षेत आळस नको. राउटरवर एसएसएचचं (दुरून संगणक चालवायच्या सोयीचं) पोर्ट उघडं टाकू नका, वायरगार्ड या व्हीपीएनमधून आत जा, पासवर्डऐवजी की (गुप्त किल्ली-फाइल) वापरा. ‘पाय’ आणि ‘रास्पबेरी’ ही नाव-पासवर्डची ठरलेली जोडी एप्रिल २०२२ पासून नव्या इमेजमध्ये नाही, पण जुन्या कार्डांत ती अजून असू शकते. एकोलिंकला (इंटरनेटवरून रेडिओ केंद्रं जोडणारी सेवा) बाहेरून यूडीपी ५१९८ आणि ५१९९ एवढंच उघडं लागतं. डीटीएमएफचा (फोनच्या बटणांसारख्या सुरांचा) कोड तर हवेत उघड्यावर जातो. शेजारच्या तालुक्यातला कुणीही तो टिपून घेईल, तेव्हा रिपीटर बंद करायचा आदेश तेवढ्यावर सोडू नका.

आणि जुलैत घरबसल्या अपग्रेड? मधेच लिंक तुटली, की छत्री घेऊन डोंगर चढा.