नाताळची सजावट घरातल्या जपलेल्या वस्तूंनी कशी करावी

आजीने विणलेला टेबलक्लॉथ, गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, रंग उडालेल्या मूर्ती, काचेचे दोन-चार गोळे, मुलांनी बालवर्गात केलेली कागदाची चांदणी, कधीकाळी पोस्टाने आलेली शुभेच्छापत्रं... दरवर्षी या वस्तूंचा खोका उघडतो, त्यातलं थोडंसं बाहेर येतं आणि नव्या झगमगाटात दिसेनासं होतं. यंदा सुरुवातच या खोक्यापासून करा आणि लागेल तेवढंच नवीन त्यात मिसळा. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या सुमारास कामाला लागलात तर घाई होणार नाही.

आधी सगळं बाहेर काढा, आणि विचारा

जमिनीवर एक जुनी चादर अंथरा. खोक्यातली प्रत्येक वस्तू तिच्यावर सुटी सुटी ठेवा आणि घरातल्या मोठ्या माणसांना जवळ बसवा. ही कुणाची, कधी आली, कुणी केली, आधी कुठे लावायचे, हे विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मोठी माणसं दूर राहत असतील तर फोटो पाठवून विचारा. सगळ्या कामात मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. गोळा फुटला तर दुसरा मिळेल, पण तो कुणी आणला होता हे सांगणारं माणूस गेलं की ती माहिती परत मिळत नाही.

नाताळच्या खोक्यापुरतंच थांबू नका. कपाटात बाप्तिस्म्याचा झबला असेल, लग्नाच्या ओढणीची लेस असेल, पणजोबांचं प्रार्थनेचं पुस्तक, लाकडी खेळणं, आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं, एखादी पितळी घंटा असेल. वस्तू नाताळसाठीच घडवलेली असावी असं काही नाही.

थोडंच निवडा

इथे मन घट्ट करावं लागतं. सगळंच प्रिय असतं, म्हणून सगळंच मांडावंसं वाटतं. पण पन्नास वस्तूंच्या गर्दीत एकीकडेही कुणी थांबून पाहत नाही. एका खोलीत चार-पाच वस्तू पुरेत. बाकीच्या पुढच्या वर्षी. आलटून पालटून मांडल्याने त्या टिकतातही, कारण कागद आणि कापड उजेडाने फिकं पडतं आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. भावंडांत एखाद्या वस्तूवरून ओढाताण होत असेल तर एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे, असं आधीच ठरवून टाका.

वस्तू तपासा, बेताने पुसा

काचेच्या जुन्या गोळ्यांना सर्वांत जास्त जपावं लागतं. जर्मनीतल्या लाउशा गावच्या काचकामगारांनी १९व्या शतकात हे फुंकीव गोळे घरोघर पोचवले. त्यांची काच कागदासारखी पातळ असते. चमक आतल्या बाजूला दिलेल्या चांदीच्या मुलाम्याची असते आणि रंग बाहेरून हाताने दिलेला असतो. म्हणून असा गोळा पाण्याने धुऊ नये, ओल्या फडक्यानेही पुसू नये. रंग फडक्यावर उतरतो, आत ओल शिरली तर मुलामा काळवंडतो. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस.

गोळा उचलताना वरच्या धातूच्या टोपीला धरून उचलू नका. टोपीच्या आत तारेचे दोन पाय असतात, तेच तिला काचेच्या मानेत धरून ठेवतात. वर्षानुवर्षं दाबून दाबून ते सैल पडतात आणि टोपी हातात राहून गोळा खाली जातो. तळहातावर गोळा घ्या आणि टोपी हलते का पाहा. हलत असेल तर ती अलगद काढून तारेचे पाय थोडे फाकवा आणि पुन्हा बसवा. मानेला तडा असेल तर तो गोळा टांगू नका, उथळ वाडग्यात ठेवा. तिथेही तो छान दिसतो.

चांदीचा मुलामा दिलेली भांडी घासून लखलखीत करण्याचा मोह टाळा. प्रत्येक घासणीत थोडा मुलामा जातो. कापडावरच्या जुन्या पिवळट डागांवरही सणाच्या तोंडावर प्रयोग नकोत.

काही गोष्टी मात्र केवळ आठवण म्हणून ठेवाव्यात. कापडी वेष्टणाच्या वायरची जुनी विजेची माळ प्लगला लावू नका. झाडाला मेणबत्त्या अडकवायचे जुने चिमटे शोभेला लावा, पण त्यात मेणबत्ती पेटवू नका. जुन्या चमकत्या पट्ट्या हाताला जड लागत असतील आणि सरळ लोंबत असतील तर त्या शिशाच्या असण्याची शक्यता आहे. पूर्वी त्या तशाही बनत. लहान मुलांपासून आणि पाळीव प्राण्यांपासून त्या दूर ठेवा, हाताळल्यावर हात धुवा.

प्रत्येक वस्तूला तिची जागा द्या

गव्हाणीपासून सुरुवात करा. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा उभा केला, तेव्हापासून ही प्रथा रुजत गेली असं मानतात. घरच्या मूर्ती एका मापाच्या नसतील, गाढवाचा कान तुटलेला असेल, मेंढ्या दोन वेगवेगळ्या संचांतल्या असतील. असू द्या. मोठ्या मूर्ती पुढे आणि लहान मागे ठेवल्या की मापातला फरक अंतरासारखा दिसतो. देखावा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडा. बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत बाजूला ठेवा आणि मागी लोकांना, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या मूर्तींना, खोलीच्या दुसऱ्या टोकापासून रोज थोडं थोडं सरकवत ६ जानेवारीला गव्हाणीपाशी पोचवा. हे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे सोपवा. त्या मूर्ती कुणी घेतल्या होत्या, हे त्याला आपोआप कळत जातं.

झाडावर जड वस्तू आतल्या बाजूला, खोडाजवळच्या जाड फांदीवर टांगा. नाजूक वस्तू वरच्या भागात, मुलांचा हात आणि मांजराचा पंजा पोचणार नाही अशा ठिकाणी. हूक नुसता अडकवू नका, फांदीभोवती एक वेढा द्या. किल्ली, बटणं, छोटं खेळणं असं काहीही रुंद सुती फितीने बांधता येतं. वस्तूला भोक पाडू नका, गोंद लावू नका.

झबला किंवा लेस भिंतीवर टाचणीने टोचू नका. जाड, गोल दांडीवर पांढरं सुती कापड गुंडाळा आणि त्यावरून ती सोडा, म्हणजे वजन एका धाग्यावर येत नाही. विणलेला टेबलक्लॉथ जेवणाच्या टेबलापेक्षा बाजूच्या टेबलावर सुरक्षित राहील. वर मेणबत्ती नको.

फोटो आणि पत्रांच्या प्रती लावा

मूळ फोटो किंवा पत्र झाडावर टांगू नका. ते स्कॅन करा, जाड कागदावर छापून घ्या आणि प्रत लावा. सेलोटेप मूळ कागदाजवळही नको, तिचा डाग कायमचा बसतो. आजोबांच्या हस्ताक्षरातली शुभेच्छापत्राची एकच ओळ मोठी करून छापली तर दाराजवळच्या कोपऱ्याला दुसरं काही लागत नाही.

दिव्यांसाठी पिवळसर उजेडाचे एलईडी घ्या. ते फारसे तापत नाहीत. तरीही माळ कापडाला आणि कागदाला टेकू देऊ नका.

चिठ्ठी लिहा

प्रत्येक वस्तूशेजारी छोट्या कार्डावर दोन ओळी हाताने लिहून ठेवा: वस्तू कुणाची, कोणत्या सालची, आणि तिची एखादी खरी हकिकत. पाहुणे वाचतात, विचारतात, आणि आपल्या घरच्या नाताळबद्दलही बोलू लागतात. यंदा घरातलं कुणी गेलं असेल तर त्यांची वस्तू मांडायची की नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवा. एखाद्याला ती पाहवत नसेल तर तिला एक वर्ष खोक्यातच राहू द्या.

उतरवताना

सण संपल्यावर घाईने खोका भरला की बरीचशी मोडतोड तेव्हाच होते. प्रत्येक वस्तू आम्लरहित टिश्यू पेपरमध्ये वेगळी गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई लागते आणि त्या कागदातल्या आम्लाने कापड पिवळं पडतं. टेबलक्लॉथ घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर, मध्ये टिश्यू घालून गुंडाळा. मुलांनी नुसतं पीठ किंवा मीठ घातलेलं पीठ मळून केलेली खेळणी हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, नाहीतर कीड आणि उंदीर त्यांचा माग काढतात. जड वस्तू तळाला, काच वर. चिठ्ठी वस्तूसोबतच ठेवा आणि खोक्याच्या झाकणाच्या आत पूर्ण यादी चिकटवा. खोका तापणाऱ्या माळ्यावर किंवा दमट तळघरात न ठेवता राहत्या खोलीतल्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहा.