गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतंय? या चुका टाळा

ब्रश केला की बेसिनमध्ये लाल थुंकी. सासूबाई म्हणतात, “या दिवसांत होतंच, आमचंही व्हायचं.” अर्धं खरं आहे, हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात. पण रक्ताला घाबरून ब्रशच सोडला, की कीटण साचतं आणि सूज आणखी चिघळते. मऊ ब्रश घ्या, पण घासा. उलटी झाल्यावर मात्र लगेच नको. आधी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा.

हिरड्यांचा आजार आणि ३७ आठवड्यांआधीचं बाळंतपण यांचा संबंध १९९६पासून अभ्यासांत दिसतोय. तोंडातले काही जंतू गर्भजलातही सापडलेत. पण पोटुशीपणी दात साफ करून घेतले की काम झालं, असं समजू नका. २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. उपचारांनी हिरड्या सुधारल्या, त्रासही झाला नाही, पण दिवस भरण्याआधीची बाळंतपणं कमी झाली नाहीत. तेव्हा मूल हवं असं ठरलं की आधीच दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या. राहून गेलं असेल तर चौथा ते सहावा महिना सोयीचा. दाढ ठणकत असेल तर महिना मोजत बसू नका.

आणि ठणक थांबावी म्हणून घरातली कुठलीही गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

सगळ्यात जुनी चूक मशेरीची. दाढ दुखली की बोटावर घेऊन हिरडीला चोळायची, मग ती सुटतच नाही. मुंबईतल्या १२१७ बायकांच्या अभ्यासात (२००४) मशेरी, तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी आणि सहा दिवस लवकर जन्मली.

विषाणूंचं भय मात्र भलतीकडेच असतं. ओठावर अधूनमधून उठणारे पाण्याचे फोड सहसा गर्भापर्यंत जात नाहीत. थोरल्याच्या वाटीतला उरलेला वरणभात “टाकायचा कशाला” म्हणून आपण त्याच्याच चमच्याने संपवतो, तिथे खरी जपणूक हवी: लहान मुलांच्या लाळेतला सायटोमेगॅलो विषाणू गर्भात पोचला तर बाळाला बहिरेपण येऊ शकतं. फोडांची काळजी घ्यायची ती बाळ जन्मल्यावर. ओठावर फोड असेल तर बारशाला आत्यालाही बाळाचा पापा घेऊ देऊ नका.